फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी कोर्टात व्हॉलंटिअर: नेमकं काम काय असतं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा होता: न्यू जर्सीत एडिसनला राहते, एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, मुलगी आता फुल डे शाळेत जायला लागलीये, लायब्ररीच्या बोर्डावर 'कासा'ची जाहिरात पाहिली की कोर्टात मुलांच्या बाजूने उभे राहणारे व्हॉलंटिअर हवेत. वकिली येत नाही, इंग्रजी ठीकठाक, नवरा म्हणतो तुला झेपणार नाही, रडत घरी येशील. तर हे काम काय असतं, मला जमेल का, आणि उद्या पुण्याला परत गेलो तर तिकडे असं काही आहे का.

मी सेंट्रल जर्सीत बरीच वर्षं हे करतेय आणि आता स्वतःच्या केसबरोबर नव्या लोकांना हाताशी धरायचं, म्हणजे पीअर कोऑर्डिनेटरचं काम पण करते, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा. केसेस गोपनीय असतात, म्हणून खाली जी उदाहरणं आहेत त्यातली ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट बदललेली आहे.

आधी व्हिसाचं उरकते कारण सगळ्या देशी लोकांचा पहिला प्रश्न तोच. हे काम पूर्णपणे बिनपगारी आहे आणि पहिल्यापासून व्हॉलंटिअर म्हणूनच बनवलेलं आहे, त्यामुळे एच-फोरवर असं काम करायला सहसा अडचण येत नाही, तरी तुमच्या वकिलाला एक ईमेल टाकून विचारून घ्या, फुकटचा घोर नको. वय २१ पूर्ण हवं, बोटांचे ठसे आणि बॅकग्राउंड चेक होतो, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर चेकला काय लागेल ते आधी फोनवरच विचारा. अ‍ॅक्सेंटचं टेन्शन घेऊ नका. मुलं दोन दिवस नक्कल करतात, मग विसरतात, आणि जज तर दिवसभर जगभरची इंग्रजी ऐकतच असतो.

आता हे आहे काय. कासा म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट. घरात मारहाण, हेळसांड, नशापाणी अशा कारणाने राज्य सरकारने मुलाला आईबापांपासून काढून फॉस्टर घरात, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवलं की ते प्रकरण फॅमिली कोर्टात जातं, आणि तिथे जज एका सामान्य माणसाला ऑर्डर काढून नेमतो की बाबा, तू या एका मुलावर लक्ष ठेव आणि मला येऊन सांग. कल्पना सिएटलची. तिथल्या किंग काउंटीचे जज डेव्हिड सूकप १९७० च्या दशकात असल्या केसेस ऐकायचे, आणि समोर सरकारी कागद असायचा, आईबापांचे वकील असायचे, पण मुलाचं रोजचं आयुष्य कसं चाललंय हे सांगणारं कोणी नसायचं, आणि निर्णय तर त्याच्याच आयुष्याचा. १९७६ मध्ये त्यांनी ठरवलं की गावातल्याच लोकांना शिकवून हे काम द्यावं, विचारविनिमयाला चार-पाच लोकांना जेवायच्या सुट्टीत बोलवायला सांगितलं तर पन्नास जण आले असं सांगतात. १९७७ ला पहिला प्रोग्रॅम सुरू झाला, १९८२ ला राष्ट्रीय संघटना, आणि आता ४९ राज्यांत मिळून नऊशेच्या वर प्रोग्रॅम आहेत. त्याच्या आधी १९७४ च्या फेडरल कायद्यानेच (काप्टा म्हणतात त्याला) राज्यांना सांगितलं होतं की अशा प्रत्येक केसमध्ये मुलासाठी कोणीतरी गार्डियन अ‍ॅड लायटम, म्हणजे कोर्टात मुलाचं हित बघणारा माणूस, नेमलाच पाहिजे, तो वकील असू दे नाहीतर व्हॉलंटिअर. म्हणून काही राज्यांत याच कामाला कासा न म्हणता जीएएल म्हणतात, नॉर्थ कॅरोलिनात तर तो प्रोग्रॅम कोर्टाचाच आहे. तुमचा दीर शार्लटला असेल आणि त्याने वेगळंच काहीतरी सांगितलं तर गोंधळू नका.

अमेरिकेत सप्टेंबर २०२३ अखेर फॉस्टर केअरमध्ये साधारण ३ लाख ४३ हजार मुलं होती. सगळ्यांना कासा मिळत नाही, व्हॉलंटिअरच तेवढे नाहीयेत.

जर्सीत कोर्टात गेलात की कोण कोण दिसतं ते सांगते, कारण पहिल्या दिवशी कोण कोणाच्या बाजूचं हेच कळत नाही. डिव्हिजन, म्हणजे चाइल्ड प्रोटेक्शनचं सरकारी खातं, २०१२ पर्यंत त्याचं नाव डायफस होतं आणि जुनी माणसं अजून डायफसच म्हणतात. त्यांच्या वतीने बोलायला डेप्युटी अटर्नी जनरल, म्हणजे सरकारी वकील. आईचा वकील, बापाचा वकील, बहुतेक वेळा वेगवेगळे. मुलाचा स्वतःचा वकील, त्याला लॉ गार्डियन म्हणतात. आणि बाजूला फाइल घेऊन बसलेल्या तुम्ही. लॉ गार्डियन आणि तुम्ही यातला फरक नीट डोक्यात बसवा: मूल बोलतं झालं असेल तर लॉ गार्डियन त्याला काय हवंय ते मांडतो, तुम्ही त्याच्या भल्याचं काय ते सांगता. तेरा वर्षांची पोरगी म्हणते मला आत्ताच्या आत्ता आईकडे जायचंय, तिचा वकील तेच म्हणणार. तुम्ही रिपोर्टमध्ये तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली तुम्ही काय पाहिलं ते लिहायचं. दोन्ही जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर दोन्ही लिहायचं, तिचं वाक्य गाळायचं नाही.

केस नंबरच्या पुढे एफएन लिहिलेलं असेल तर ती हेळसांडीची केस, आईबापांना अजून संधी आहे. एफजी आलं की समजा प्रकरण गंभीर झालं, सरकार आईबापांचे हक्कच कायमचे काढून घ्यायला बसलंय. त्याच्या मागे १९९७ चा फेडरल कायदा आहे, त्यानुसार बारा महिन्यांच्या आत पर्मनन्सी हिअरिंग, म्हणजे मूल कायमचं कुठे राहणार याची सुनावणी, व्हावी लागते, आणि मागच्या २२ महिन्यांतले १५ महिने मूल बाहेर राहिलं तर सरकारने हक्क काढायचा अर्ज करावा लागतो, काही अपवाद सोडून. म्हणजे घड्याळ सुरू असतं. आईला रिहॅबमध्ये जागा मिळायला चार महिने लागले, घर मिळायला सहा, तरी घड्याळ थांबत नाही. हे कळलं की तुमचं काम काय ते पण कळतं, वेळ कशात जातोय हे बघून वेळेत ओरडणं.

काम म्हटलं तर साधं. ट्रेनिंग ३० तासांचं, मग जज शपथ देतो, मग तुम्ही सुपरवायझरबरोबर बसून उपलब्ध केसेसपैकी एक निवडता. एक केस म्हणजे एक मूल किंवा सगळी भावंडं मिळून. महिन्यातून निदान एकदा मुलाला प्रत्यक्ष भेटायचं, फॉस्टर आईशी बोलायचं, टीचरशी बोलायचं, डॉक्टर, थेरपिस्ट, केसवर्कर (डिव्हिजनचा केस सांभाळणारा माणूस), आईबाप, आजी, जे जे त्या मुलाच्या आयुष्यात आहेत त्या सगळ्यांशी. कोर्टाची ऑर्डर हातात असते, त्यामुळे शाळेचे आणि दवाखान्याचे कागद बघता येतात. हिअरिंगच्या आधी रिपोर्ट. महिन्याला दहा ते पंधरा तास धरा, सुरुवातीला आणि हिअरिंगच्या आसपास जास्त. आणि केस संपेपर्यंत राहायचं, निदान वर्ष दीड वर्ष, कारण केसवर्कर बदलतात, फॉस्टर घर बदलतं, शाळा बदलते, अशा वेळी तुम्ही पण तीन महिन्यांनी इंडिया ट्रिप आणि मग नोकरी लागली म्हणून गेलात तर न आलेल्या बऱ्या. उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्याला जाणार असाल तर आधी सांगितलं की जमवता येतं, ते वेगळं.

हे सगळं वेबसाइटवर पण मिळेल. मला जे सांगायचंय ते वेबसाइटवर नाही. या कामात सगळ्यात अवघड काय, तर रडू आवरणं नाही, स्वतःचे मध्यमवर्गीय डोळे घरी ठेवून जाणं अवघड आहे. आणि आपल्या लोकांना तर फारच अवघड, कारण घर म्हणजे काय, आई म्हणजे काय, अभ्यास म्हणजे काय याच्या आपल्या कल्पना अगदी पक्क्या. आपण दुसऱ्याच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या मार्क द्यायला लागतो. फॉस्टर आईचं घर चकाचक, प्रत्येक मुलाला टेबल, कुमॉनचा क्लास लावलाय, आणि सख्ख्या आईचं घर म्हणजे बेसमेंटमधली एक खोली, सोफ्यावर झोपायचं, टीव्ही दिवसभर चालू. मन लगेच सांगतं की मूल इथेच राहू दे ना, किती सुधारलंय. पण कोर्टाचा प्रश्न तो नसतोच. मुलाला कुठलं घर जास्त चांगलं हे जज विचारत नाहीये, जज विचारतोय की स्वतःचं घर आता पुरेसं सुरक्षित झालं का. 'पुरेसं' म्हणजे पुरेसंच, छान असण्याची अट नाही. देशभरात मुलं काढून नेण्याच्या कारणांत सगळ्यात वर हेळसांड असते, निम्म्याहून कितीतरी जास्त केसेसमध्ये, आणि हेळसांड आणि गरिबी यांच्यामधली रेघ फार पुसट असते. फ्रिज रिकामा आहे तो महिन्याच्या २८ तारखेला रिकामा आहे, फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, संपलेत म्हणून.

नव्या व्हॉलंटिअरचा पहिला रिपोर्ट माझ्याकडे आला की मी हेच शोधते. एकीने लिहिलं होतं, "आईचं घर अस्वच्छ होतं आणि आई मुलाकडे फारसं लक्ष देत नव्हती." मी तिला फोन करून विचारलं, काय दिसलं ते सांग. सिंकमध्ये भांडी होती. किती वाजले होते? साडेसहा. म्हणजे जेवण नुकतं झालेलं? हो. जमिनीवर काही धोक्याचं, औषधं, सिगरेट, काच? नाही. मुलगा काय करत होता? रंगवत होता. आई? कट्ट्यापाशी उभी राहून फोनवर. कोणाशी? हाउसिंगवाल्यांशी, होल्डवर होती. मुलाने काही दाखवलं का तिला? हो दोनदा चित्र दाखवायला उठला, तिने फोन खांद्याला धरून बघितलं आणि काहीतरी बोलली, तो हसला. मग हेच लिही की! आणि तिने लिहिलं: संध्याकाळी साडेसहाची भेट, जेवणाची भांडी सिंकमध्ये, जमिनीवर धोकादायक वस्तू नाहीत, आई हाउसिंग ऑफिसशी फोनवर होल्डवर, मूल दोनदा चित्र घेऊन गेलं आणि दोन्ही वेळा आईने बघून उत्तर दिलं. भेट तीच, संध्याकाळ तीच, पण पहिलं वाचून जज एक ठरवेल आणि दुसरं वाचून दुसरं. म्हणून नियम असा की विशेषण लिहावंसं वाटलं की थांबायचं आणि त्या जागी जे दिसलं ते लिहायचं. 'आक्रमक', 'बेफिकीर', 'लाडावलेला', 'चांगल्या घरातला', सगळं बाद.

दुसरी एक गोष्ट, जी मी प्रत्येक ट्रेनिंगला सांगते. एका केसमध्ये कागदोपत्री बाप व्हिजिट चुकवत होता. सुपरवाइज्ड व्हिजिट, म्हणजे एका एजन्सीच्या ऑफिसात कोणीतरी समोर बसलेलं असताना मुलाला तासभर भेटायचं, वेळ मंगळवारी दुपारी तीन. रिपोर्टमध्ये ओळीने नो शो, नो शो, उशिरा आला, नो शो. वाचणाऱ्याला वाटणार याला पोराचं काही पडलेलं नाही. त्याला भेटायला गेले तर तो हायवेच्या एक्झिट आठ-ए च्या तिकडच्या वेअरहाउसमध्ये कामाला, टेम्प एजन्सीमार्फत (तात्पुरती माणसं पुरवणारी कंपनी), शिफ्ट साडेतीनला सुटते आणि सलग दोन-तीन वेळा लवकर निघालं की पुढच्या आठवड्यापासून बोलावत नाहीत. गाडी नाही, बस बदलून यायचं. आणि नोकरी टिकवणं हीसुद्धा कोर्टाच्या ऑर्डरमधलीच अट! म्हणजे एक अट पाळायची तर दुसरी मोडते, आणि मोडलेली तेवढीच कागदावर येते. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं का, तर सांगितलं होतं, पण ज्या केसवर्करला सांगितलं ती सोडून गेली. मी शिफ्टचं वेळापत्रक मागून घेतलं, बसच्या वेळा काढल्या, रिपोर्टला जोडल्या आणि शिफारस एका ओळीची, व्हिजिट शनिवारी सकाळी ठेवावी. जजने वाचून तिथल्या तिथे बदलून टाकलं, पाच मिनिटं पण लागली नाहीत. त्यानंतर तो माणूस येत राहिला. आता यात मी काय मोठं केलं, काही नाही, बसचं वेळापत्रक काढलं. पण ते काढायला बाकी कोणाकडे वेळ नव्हता, एकेका वर्करकडे कितीतरी कुटुंबं असतात आणि वकिलांकडे त्याहून जास्त. तुमच्याकडे एकच केस, ही तुमची एकमेव ताकद आहे, दुसरी कुठलीच नाही.

एका बाबतीत मात्र आपले देशी संस्कार कामाला येतात. आजीने, मावशीने, काकाने पोर सांभाळणं आपल्याला विचित्र वाटत नाही, आपल्यातली निम्मी मंडळी वर्षभर तरी आजोळी वाढलेली असतात. इथे बऱ्याच व्हॉलंटिअर्सना मनातून वाटतं की दत्तक म्हणजे खरं कायमचं, नातेवाइकांकडे म्हणजे तात्पुरतं. जर्सीत किनशिप लीगल गार्डियनशिप म्हणून सोय आहे, आजीला कायदेशीर पालक करतात पण आईचे हक्क संपवत नाहीत, आई भेटू शकते. २०२१ मध्ये कायदा बदलून हे सोपं केलं, आधी नातेवाइकाने बारा महिने मूल सांभाळलेलं असावं लागायचं ते सहा महिन्यांवर आणलं. तेव्हा केस हातात आली की पहिल्याच आठवड्यात मुलाला, आईला, सगळ्यांना विचारा की कोण कोण आहे नात्यात. आणि नावं लिहून घ्या, फक्त आईकडचीच नाही, बापाकडची पण. बापाकडची आत्या बऱ्याचदा दोन गावं सोडून राहत असते आणि तिला कोणी फोनच केलेला नसतो.

मुलांबरोबरच्या भेटींचं काय, तर पहिल्या भेटीत केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही. उनोचे पत्ते घेऊन जा. मूल सात-आठ अनोळखी मोठ्या माणसांना तीच ती गोष्ट सांगून थकलेलं असतं. तुम्ही काय बघायचं, तर झोपायची जागा बघायची, त्याच्या वस्तू कुठे आहेत ते बघायचं (कपाटात आहेत की अजून काळ्या कचऱ्याच्या पिशवीत, हो, सामान अजूनही बऱ्याचदा त्याच पिशव्यांतून हलतं), बूट मापाचे आहेत का, चष्मा आहे का आणि घालतो का, काळी मुलगी असेल तर केसांची निगा कोणाला येते का त्या घरात, भावंडांशी शेवटचं कधी बोलला. औषधं विचारा, विशेषतः झोपेची किंवा वागणुकीची काही सुरू झाली असतील तर कोणी लिहून दिली, संमती कोणी दिली. शाळा बदलायचं चाललं असेल तर लगेच हात वर करा, २०१५ च्या फेडरल शिक्षण कायद्यानुसार मुलाच्या हिताचं असेल तर जुन्याच शाळेत ठेवायचं आणि न्यायची-आणायची सोय करायची, पण कोणी विचारलं नाही तर सोय म्हणून जवळच्या शाळेत नाव घालून मोकळे होतात. आणि मूल स्लीपओव्हरला किंवा शाळेच्या ट्रिपला जाऊ शकत नाही कारण 'कोर्टाची परवानगी लागते' असं कोणी म्हणालं तर ते तपासून घ्या. २०१४ च्या कायद्याने असले रोजचे निर्णय फॉस्टर पालकांनाच समंजसपणे घेता येतात. हे बऱ्याच फॉस्टर पालकांनाच माहीत नसतं, घाबरून नाही म्हणत बसतात.

मोठ्या मुलांची केस घेतलीत तर काम अजून वेगळं, आणि माझं ऐकाल तर पहिली नाही पण दुसरी केस टीनएजरची घ्या, त्यांना कोणी मागत नाही. तिथे कागदपत्रं म्हणजे अर्धी लढाई. अठराव्या वर्षी बाहेर पडताना बर्थ सर्टिफिकेट, सोशल सिक्युरिटी कार्ड, आयडी, मेडिकल रेकॉर्ड हातात मिळायलाच हवेत असा नियम आहे. चौदा वर्षांपुढच्या प्रत्येक फॉस्टर मुलाचा दरवर्षी फुकट क्रेडिट रिपोर्ट काढायचा असतो, का, तर यांच्या नावावर आणि नंबरवर कोणीतरी फोनची बिलं आणि क्रेडिट कार्डं काढून ठेवलेली सापडतात, कधी घरचेच. सतराव्या वर्षी विजेचं थकलेलं बिल नावावर, मग अपार्टमेंट कुठलं मिळतंय. जर्सीत २१ पर्यंत मदत चालू ठेवता येते, आणि फॉस्टर केअरमधून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्यांना मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) २६ पर्यंत, हे त्या पोराला तोंडपाठ करून द्या. 'मला यांचं काही नको' म्हणून अठराव्या वाढदिवसाला निघून जायचं सगळ्यांच्याच डोक्यात असतं आणि त्यात चुकीचं काही नाही, फक्त परत यायचा रस्ता त्यांना माहीत असावा.

काय करायचं नाही ते पटकन. घरी आणायचं नाही, दिवाळीच्या फराळाला सुद्धा नाही. पैसे, महागडं गिफ्ट नाही. कायद्याचा सल्ला नाही, थेरपी नाही. फोटो सोशल मीडियावर सोडा, मोबाइलमध्ये पण नको. नवऱ्याला जेवताना नावासकट काही सांगायचं नाही. हिंदी-गुजराती-मराठी येतं म्हणून आईसाठी दुभाषी व्हायचं नाही, कोर्ट स्वतःचा इंटरप्रिटर देतं, तुम्ही मधे पडलात की तुम्ही साक्षीदार की भाषांतरकार असा घोळ होतो. आणि "मी तुला तुझ्या आईकडे नेईन" असलं वचन कधीच नाही, अगदी मूल गळ्यात पडून विचारत असलं तरी. मी सांगेन जजला, एवढंच म्हणायचं, आणि मग खरंच सांगायचं, आणि पुढच्या भेटीत सांगितलं म्हणून सांगायचं. अजून एक, मुलाच्या अंगावर वळ दिसला किंवा त्याने काही सांगितलं तर हिअरिंगची वाट बघायची नाही, जर्सीत कोणीही असो, शंका आली तर राज्याच्या बाल संरक्षण हॉटलाइनला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे.

आता हे सगळं वाचून वाटेल की कासा म्हणजे काय देवदूत, तर तसंही नाहीये आणि तुम्हाला दुसरी बाजू माहीत असावी. या पद्धतीवर टीका होते आणि ती बरीचशी खरी आहे. व्हॉलंटिअर बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी बायका, आणि केसमधली कुटुंबं गरीब, त्यात काळी कुटुंबं लोकसंख्येच्या मानाने जास्त. म्हणजे ३० तास शिकून एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या घरात जाऊन मत द्यायचं. आपण गोऱ्या नाही म्हणून सुटलो असं समजू नका, एडिसनच्या टाउनहाउसमधून निघालेल्या नजरेत पण तोच घोळ असतो. टेक्ससमधला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात कासा असलेली मुलं परत घरी जाण्याचं किंवा नातेवाइकांकडे कायमची राहण्याचं प्रमाण कासा नसलेल्या मुलांपेक्षा कमीच निघालं, आणि घरी परत न गेलेल्या मुलांत दत्तक जाण्याचं जास्त. प्रोग्रॅमवाले म्हणतात अवघड केसेसच आमच्याकडे येतात, ते खरंच आहे, अभ्यास करणाऱ्यांनी तो फरक धरायचा प्रयत्न पण केला होता. माझं मत विचाराल तर तो निकाल मला अजिबात आश्चर्याचा वाटला नाही. छान घराकडे झुकणारे रिपोर्ट मी खूप वाचलेत. म्हणून तर वर भांड्यांचं आणि बसचं एवढं लांबवलं.

रडण्याबद्दल. हो, रडू येतं, बहुतेक वेळा कार पार्किंगमध्ये. पण नवऱ्याला सांगा की रडून कोणी सोडत नाही, लोक सोडतात ते कंटाळून आणि चिडून. हिअरिंग पुढे ढकलली, परत ढकलली, वीस मिनिटांच्या हिअरिंगसाठी अडीच तास बाकावर, फोन केला की व्हॉइसमेल फुल. आणि कधीकधी तुमच्या शिफारशीच्या बरोबर उलट ऑर्डर येते आणि तुम्हाला हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या मंगळवारी त्या मुलाकडे जायचं असतं. ज्यांना सरकारी ऑफिसात तिसऱ्यांदा जाऊन तोच प्रश्न न चिडता विचारता येतो त्या या कामात टिकतात, आणि पुण्यात आरटीओ आणि पासपोर्टचं केलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही.

भारतात परत गेलात तर अगदी असंच पद तिकडे नाही. बाल न्याय कायदा २०१५ खाली जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय तीच घेते, समोर जज नसतो. सगळ्यात जवळचं म्हणजे पॉक्सोमधली सपोर्ट पर्सन, २०२० च्या नियमांत तिचं काम नीट लिहिलंय, लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये मुलाबरोबर आणि घरच्यांबरोबर तपासापासून कोर्टापर्यंत राहायचं, पुढे काय होणार ते समजावून सांगायचं. ते जास्त करून सोशल वर्क शिकलेल्या किंवा संस्थेत काम केलेल्या लोकांना मिळतं. बाकी महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, एक पालक गेलेल्या किंवा घरची परिस्थिती बिकट असलेल्या मुलाला वसतिगृहात न टाकता कुटुंबातच ठेवायला महिन्याला पैसे देतात, तिथे फॉर्म भरायला आणि पाठपुरावा करायला माणसं नेहमी कमी पडतात. इथे रिपोर्ट लिहायची सवय झालेली बाई तिकडे कुठल्याही संस्थेला हवीच असते.

पुढचं पाऊल म्हणजे मिडलसेक्स काउंटीच्या कासा प्रोग्रॅमच्या माहिती सत्राला बसा, बऱ्याचदा झूमवर असतं, तासाभराचं, त्यात काही बांधून घेत नाहीत. आवडलं तर फॉर्म, मग इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यूला खासगी प्रश्न विचारतात, तुमचं बालपण, घरात मार खाल्लात का, ड्रग घेणाऱ्या आईबद्दल काय वाटतं, समलिंगी जोडप्याने मूल सांभाळण्याबद्दल काय वाटतं. शोभेची उत्तरं देऊ नका, जे वाटतं ते सांगा, तिथे परफेक्ट माणूस नको असतो, शिकवता येईल असा हवा असतो. आणि तुम्ही पण एक विचारा: एका सुपरवायझरकडे किती व्हॉलंटिअर आहेत. राष्ट्रीय नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३० चालतात. आकडा पार वरपर्यंत भरलेला असेल तर सॉमरसेट किंवा युनियनच्या प्रोग्रॅमला पण एक फोन करून बघा, पहिल्या केसला तुमचा फोन उचलणारी सुपरवायझर मिळणं बाकी कशाहीपेक्षा महत्त्वाचं आहे.